फॅशन डिझाईन ऑनलाइन शिकता येतं का? येतं, पण अर्धं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, मी कराडची, वय २३, बीकॉम झालंय, एका सीएच्या ऑफिसात दीड वर्ष काम करते. लहानपणापासून कपड्यांचं वेड आहे, फॅशन डिझाईन शिकून त्यातच काहीतरी करायचंय, पण घर सोडून पुण्या-मुंबईला राहणं जमणार नाही. ऑनलाइन सहा महिन्यांचा एक डिप्लोमा बघितलाय, फी ८५ हजार, ईएमआय आहे, १०० टक्के प्लेसमेंट म्हणतात. करू का? शिवण येत नाही. घरी आजीचं पायाचं मशीन पडून आहे, ते चालेल की नवीन घेऊ?"

अगं, आधी ते ८५ हजार भरू नकोस, मग पुढचं निवांत वाच.

मी १९ वर्षं या धंद्यात आहे. एका एक्स्पोर्ट हाऊसच्या सॅम्पलिंग खात्यात हेल्पर म्हणून लागले, धागे कापायचे आणि कटिंग मास्तरांना चहा आणून द्यायचा, तिथून हळूहळू पॅटर्नवर (कपडा कापायच्या कागदी साच्यांवर) गेले, आता पुण्यात स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, सहा मशीन, एक कटिंग मास्तर, आणि लॉकडाऊनपासून ऑनलाइन बॅचेसही घेते. म्हणजे ऑनलाइन शिकवून मी पण पैसे घेते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नंतर कोणी म्हणायला नको.

तर माझं मत असं की ऑनलाइन शिकून डोकं चांगलं तयार होतं, डोळा बऱ्यापैकी तयार होतो, पण हात अजिबात तयार होत नाही. आणि हात तयार नसलेला डिझायनर या धंद्यात पहिल्याच आठवड्यात पकडला जातो, पकडणारा कोण तर आठवी पास मास्तर, तो तुझं चित्र बघतो आणि शांतपणे विचारतो, "मॅडम, हे घालायचं कुठून? चेन कुठंय?" माझ्यासमोर घडलंय हे, आणि एकदा माझ्या बाबतीतच घडलंय.

एक किस्सा सांगते. २०२१ च्या बॅचमधली एक मुलगी, ब्लाऊजची बाही शिवली आणि घालून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. बाहीला तिरक्या वळ्या पडत होत्या. मी स्क्रीनवर बघून म्हणाले मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल काप, अर्धा इंच खोल कर. केला, वळ्या तशाच. मग म्हटलं खांदा उतरतोय, वर घे. घेतला, अजून बिघडलं. तीन आठवडे आम्ही दोघी त्या एका बाहीवर बसलो, शेवटी वैतागून मी तिला म्हटलं मला ती बाही कुरिअर कर. पाकीट फोडलं, बाही हातात घेऊन जराशी ओढली आणि दहा सेकंदात कळलं की कापड कमी पडलं म्हणून तिने बाही तिरकी बसवून कापली होती, पूर्ण उरेब (कापडाच्या धाग्यांना कोनात, तिरकं) पण नाही आणि सरळ पण नाही, मधलंच काहीतरी. ताण्याचा, म्हणजे उभा धागा कमी ताणतो, बाण्याचा, म्हणजे आडवा, थोडा जास्त, आणि उरेबमध्ये कापड रबरासारखं लांबतं, त्यामुळे बाही अंगावर चढली की धागा जिकडे ओढेल तिकडे ती वळणार, मुंढा कितीही कोरा. हे कापड ओढल्याशिवाय समजत नाही आणि ओढणं स्क्रीनवरून जात नाही. मी शिकवणारी असून तीन आठवडे चुकीचं सांगत होते, त्या मुलीची काही चूक नव्हती.

म्हणून माझ्याकडे आता नियम आहे, ज्याला ऑनलाइन शिकायचंय त्याने गावातला एक टेलर धरायचाच. कराडात काय कमी टेलर आहेत का. पण जाऊन "मला शिकवा" म्हणू नकोस, तो शिकवणार नाही, त्याला वेळ नाही आणि शिकवता येतंच असंही नाही, तीस वर्षं हाताने केलेलं तोंडाने सांगता येत नाही माणसाला. त्यापेक्षा जाऊन म्हण, मी ऑफिसनंतर दीड तास येते, हातशिलाई, हुक लावणं, काज-बटण, जे असेल ते फुकट करते, फक्त तुम्ही कापताना मला बघू द्या. दोन महिन्यांत तो आपोआप बोलायला लागेल, "हे बघ, हिची पाठ बाकदार आहे म्हणून मी मागे पाऊण इंच जास्त धरलं." हे वाक्य कुठल्याही रेकॉर्डेड लेक्चरमध्ये मिळणार नाही, कारण ते त्या एका बाईच्या पाठीबद्दल आहे.

आता घरी काय करायचं. मांजरपाट आण, दहा-बारा मीटर, बिनधुतलेलं जाडसर मिळतं ते, स्वस्त असतं. पुण्यात आलीस तर रविवार पेठेत मिळेल, तुला कोल्हापूरजवळचं गांधीनगर मार्केट त्यामानाने सोपं पडेल. त्यात फक्त एकच गोष्ट शिवायची, साधा बेसिक ब्लाऊज, बाही नाही, अस्तर नाही, आणि तो पाच वेगवेगळ्या अंगांवर. आई, बहीण, शेजारची काकू, एक एकदम बारीक, एक अंगाने भरलेली. पहिला बेकार होईल, दुसरा पण. फोटो काढ, पेनाने त्या कापडावरच खुणा कर कुठे ओढतंय कुठे सैल आहे, मग उसव, परत टाच. मी मुलींना सांगते की शिवण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ द्या, त्यांना वाटतं मी चेष्टा करते.

आणि त्याच्याही आधी एक काम: घरातला असा जुना ब्लाऊज किंवा शर्ट शोध जो कुणालातरी एकदम फिट बसायचा, ज्याने त्याने म्हटलं असेल की हा टेलर भारी होता. तो पूर्ण उसव. एकेक शिवण, ब्लेडने नाही, सीम रिपर (टीप उसवायचं छोटं हत्यार) घे २०-३० रुपयांचा. सगळे तुकडे इस्त्री करून कागदावर ठेव आणि कड आखून घे. आखताना दिसेल की पुढचा आणि मागचा मुंढा सारखा नाहीये, पुढचा जास्त कोरलेला आहे, कारण हात पुढे जातात मागे नाही. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा थोडा लांब आहे. खांदा पुढे-मागे वेगळा आहे. टक्स कशाला असतात ते कळत नसेल तर एका नारळावर वर्तमानपत्राचा कागद चापून बसव, जिथे कागद गोळा होऊन घडी पडते तिथे चिमूट घे, तो झाला टक. सपाट कापडाला गोल अंगावर बसवायचं एवढंच तर आहे सगळं, ब्लाऊजची कटोरी काय नि प्रिन्सेस कट काय, ती जास्तीची घडी कुठे लपवायची याच्या वेगवेगळ्या युक्त्या आहेत.

कापडाचं पण तसंच. ऑनलाइन कोर्समध्ये टेक्स्टाईलचा एक मोड्यूल असतो, फायबरची नावं पाठ करून घेतात, आणि मुलींना विचारलं हे रेयॉन आहे का कॉटन तर सांगता येत नाही. तू घरी करून बघ: कापडाचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळ, सिंकमध्ये, पाणी जवळ ठेवून. कॉटन कागदासारखं जळतं, राख मऊ राखाडी. पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी होतो. रेशीम आणि लोकरीला केस जळल्याचा वास येतो. रेयॉन मात्र कॉटनसारखंच जळतं, तिथे फसायला होतं, ते ओलं करून ओढून बघायचं, ओलं रेयॉन पटकन फाटतं. मग जाडी. दुकानदार म्हणतो "एकशे ऐंशी जीएसएम आहे", म्हणजे एका चौरस मीटरचं वजन १८० ग्रॅम, खरं आहे का कसं कळणार? फॅक्टरीत गोल कटर असतो, १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा पडतो, त्याचं वजन ग्रॅममध्ये केलं आणि १०० ने गुणलं की जीएसएम. कटर महाग आहे, पण १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन तू कात्रीने पण कापू शकतेस आणि सोन्याचांदीवाला असतो तसा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन काही शे रुपयांत येतो. १.८ ग्रॅम भरलं तर १८०.

आणि आटणं! हे मी स्वतः भोगलंय म्हणून सांगते. वर्कशॉप सुरू केलं त्या पहिल्या वर्षी ४० कुर्त्यांची ऑर्डर, हातमागाचं सुंदर कापड, घाई होती म्हणून न धुता कापलं. कस्टमरने पहिल्यांदा धुतले आणि एकेक फोन यायला लागला. आता कुठलंही कापड आलं की ५० बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा, पक्क्या मार्करने चौकोन आखायचा, धुवायचा, वाळवायचा, इस्त्री करायची, परत मोजायचा. ५० चे ४८ झाले म्हणजे ४ टक्के. ४६ इंची कुर्त्यात ते जवळजवळ दोन इंच होतात, गुडघ्याखालचा कुर्ता गुडघ्यावर. त्या ४० पैकी बरेच मी परत घेतले, त्यातले काही अजून वर्कशॉपमध्ये मशीन पुसायला आहेत, दर वेळी हातात आला की पोटात गोळा येतो.

बरं, मग ऑनलाइन काय शिकायचं? भरपूर आहे, आणि खरं सांगू का, काही गोष्टी ऑनलाइनच जास्त चांगल्या शिकता येतात कारण त्या मुळात स्क्रीनवरच करायच्या असतात. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे टेक पॅक. हा शब्द तुला जाहिरातीत दिसणार नाही, तिथे रॅम्प आणि मूडबोर्ड (कल्पना सुचवणाऱ्या चित्रांचा फळा) दाखवतात, पण नोकरीचं दार हे आहे. टेक पॅक म्हणजे एका कपड्याचा पूर्ण कागद: पुढून-मागून सपाट ड्रॉइंग, ज्यात प्रत्येक टीप दिसते, मापांचा तक्ता, कुठून कुठे मोजायचं त्यासकट, कापड, अस्तर, फ्युजिंग (कॉलर वगैरे कडक राहायला आतून चिकटवतात ते कापड), बटण, चेन, दोरा, लेबल यांची यादी, इंचाला किती टाके ते, साध्या कॉटनला १०-१२ असतात, आणि माप किती इकडेतिकडे झालं तर चालेल ते. हा कागद असा पाहिजे की तुझं एक शब्दही न ऐकता तमिळनाडूतल्या तिरुपूरचा किंवा सोलापूरचा सुपरवायझर तोच कपडा शिवेल. (सोलापूर म्हटलं की लोकांना चादरच आठवते, पण युनिफॉर्म शिवण्याचं तिथलं काम केवढं मोठं आहे ते एकदा जाऊन बघ.)

ग्रेडिंग, म्हणजे एका साईझवरून बाकीचे साईझ काढणं, पण ऑनलाइन नीट शिकता येतं कारण ते गणित आहे. समजा आपल्याकडे कुर्त्याचे साईझ छातीला २-२ इंचाने वाढतात, ३६, ३८, ४०. म्हणजे चौथाई पॅनेलला अर्धा इंच. आता नवशिकी काय करते, सगळीकडेच अर्धा अर्धा इंच वाढवते, गळ्याला पण, आणि एक्सएलचा गळा खांद्यावरून खाली पडतो. माणूस जाड झाला म्हणून मान तेवढ्या पटीत रुंद होत नाही ना. गळ्याला अर्धा सूत-एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), खांद्याला थोडं जास्त, असा हिशोब असतो. आणि आपल्याकडे मुळात सगळ्यांचे तक्ते परदेशी मापांवरून उचललेले, म्हणून निफ्टने (फॅशन शिकवणारी केंद्र सरकारची संस्था) इंडियासाईझ नावाचा प्रकल्प काढला, देशभरातल्या २५ हजार लोकांची मापं थ्रीडी बॉडी स्कॅनरने घ्यायची. तू निदान तुझ्या गल्लीतल्या वीस बायकांची घे वहीत. छाती, कंबर, सीट, दंड, पाठीची रुंदी. तेवढ्याने पण डोळे उघडतात, विशेषतः दंडाच्या मापाने, रेडिमेड बाही का काचते त्याचं उत्तर तिथं आहे.

सॉफ्टवेअरवर लगेच पैसे घालू नकोस. सपाट ड्रॉइंगला इंकस्केप फुकट आहे, चांगलं आहे, त्यात हात बसला की इलस्ट्रेटर पंधरा दिवसांत जमतं. पॅटर्नसाठी सीमली टूडी फुकट आहे. क्लो थ्रीडी हे सॉफ्टवेअर लोकांना फार आवडतं, स्क्रीनवरची बाई कपडा घालून चालते, भारी दिसतं, आणि मोठ्या ब्रँडमध्ये सॅम्पलचा खर्च वाचवायला ते वापरतात हे खरंच, पण त्याला बरा ग्राफिक कार्डवाला लॅपटॉप लागतो आणि त्यात कापडाचे गुण तुलाच भरायचे असतात, जाडी किती, ताण किती, वजन किती. ज्याने मलमल आणि पॉपलीन कधी हातात धरून फरक बघितला नाही त्याला तिथला कपडा पत्र्यासारखा दिसतो आणि का ते कळत नाही. ते दुसऱ्या वर्षी.

इतिहास, सौंदर्यदृष्टी वगैरेला तर पैसे देऊच नकोस. न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमचा 'फॅशन ॲज डिझाईन' कोर्स कोर्सेरावर आहे, गुगल आर्ट्स अँड कल्चरवर 'वी वेअर कल्चर' म्हणून मोठा संग्रह आहे, लंडनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियममधले कपडे झूम करून टाका न टाका बघता येतो. आणि ते बघून झालं की आजीच्या ट्रंकेतली इरकल काढ, खणाची चोळी असेल तर उलटी करून आतून बघ, तिला बगलेत एक चौकोनी तुकडा लावलेला असतो, हात वर करता यावा म्हणून. किती हुशार माणसं होती बघ, कापड वाया न घालवता.

चित्र चांगलं काढता येतं एवढ्यावर या क्षेत्रात यायचं का असं पण तू दुसऱ्या मेसेजमध्ये विचारलंयस. आपल्या कोल्हापूरच्या भानु अथय्या बघ. जन्म १९२९, शिकल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, म्हणजे मुळात चित्रकार. 'ईव्हज् वीकली'साठी फॅशनची चित्रं काढायच्या, मग त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने बुटीक काढलं आणि भानुताईंना कपडे करून बघायला सांगितलं, तिथे त्या चित्रातून कापडात आल्या. पुढे १९५६ च्या 'सीआयडी'पासून सिनेमा, आणि १९८३ मध्ये 'गांधी'साठी ऑस्कर, ऑस्कर मिळालेली पहिली भारतीय व्यक्ती. चित्राने त्यांना बुटीकच्या दारापर्यंत आणलं, पण पुढचं सगळं काम कापडाचं होतं. 'गांधी'मधली गर्दी डोळ्यांसमोर आण, त्या साध्या सुती कपड्यांत चित्रकारी कुठंय, पण एकही माणूस आदल्या दिवशी शिवलेले कपडे घालून आल्यासारखा वाटत नाही.

आता कोर्स निवडायचाच असेल तर कसा. मी त्या विशिष्ट कोर्सवर बोलत नाही, तो मी बघितलेला नाही. पण १०० टक्के प्लेसमेंट हे शब्द दिसले की मी पान बंद करते, कारण प्लेसमेंटमध्ये काय काय धरतात ते विचारून बघ, माझ्याकडे एक मुलगी आली होती तिची "प्लेसमेंट" म्हणजे मॉलमधल्या दुकानात सेल्सगर्ल. त्यात वाईट काही नाही पण त्यासाठी फी कशाला. त्यांना सरळ विचार: मागच्या बॅचमधल्या एका मुलीचं तपासलेलं असाईनमेंट दाखवा, नाव झाकून. लाल पेनाने काय लिहिलंय ते बघायचंय म्हणावं. "एक्सलंट, कीप इट अप" एवढंच असेल तर नको. "बाहीचा माथा पाव इंच कमी कर, उरेब पट्टी ताणून लावलीस म्हणून गळा गोळा झालाय" असं असेल तर तिथे कोणीतरी माणूस बसलाय. दुसरं, ईएमआय. बऱ्याच ठिकाणी ते ईएमआय म्हणजे तुझ्या नावावर कोणत्यातरी फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, कोर्स सोडलास तरी हप्ता सुटत नाही. तू सीएच्या ऑफिसात बसतेस, तो कागद सरांना दाखव आणि मगच सही कर.

सर्टिफिकेटचं म्हणशील तर माझ्या वर्कशॉपमध्ये मी आजवर कोणाचं बघितलेलं नाही, मी कपडा उलटा करून बघते. पण तुला पुढे कुठे शिकवायचं असेल, सरकारी जागा बघायची असेल, तर कागद लागतो, आणि त्यासाठी आयटीआय विसरू नकोस. फॅशन डिझाईन अँड टेक्नॉलॉजी हा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पासवर, सरकारी आयटीआयची फी तू बघितलेल्या कोर्सच्या पासंगालाही नाही, आणि मशीनवर बसवतात. लोकांना आयटीआय म्हटलं की कमीपणा वाटतो, का ते मला कधी कळलं नाही. आणि मोठं स्वप्न असेल तर निफ्ट, १९८६ पासूनची संस्था, मुंबईचा कॅम्पस खारघरला. तिथे मास्टर ऑफ फॅशन मॅनेजमेंटला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, म्हणजे तुझं बीकॉम पण चालतं. आज घर सोडणं जमत नाही, दोन वर्षांनी जमेलही, कुणी सांगावं.

आणि हो, बीकॉम. तू ते असं सांगितलंयस जसं काही लपवायचंय. अगं तो तुझा हुकमाचा पत्ता आहे! मी बघितलेल्या बुटीक बंद पडल्या त्या डिझाईन वाईट होतं म्हणून नाही पडल्या. एक कुर्ता धर: कापड अडीच मीटर १३० ने, ३२५. शिलाई १८०. बटण, लेस, फ्युजिंग ३५. धुणं-इस्त्री २०. पॅकिंग २०. झाले ५८०. दहात एक तरी बिघडतो किंवा परत येतो, त्याचे ५८ धर. फोटो, जाहिरात ६०. ६९८. आणि पोरी काय करतात, शेजारच्या पेजवर ७९९ ला आहे म्हणून आपण पण ७९९, वर फ्री शिपिंग, ७० रुपये कुरिअर. उरले ३१ रुपये, आणि यात तू स्वतः बसून घालवलेल्या वेळेचा एक रुपया धरलेला नाही. दुकानभाडं नाही, जीएसटी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्याला १८ टक्के झालाय, म्हणजे २६०० चा ड्रेस आणि २५०० चा ड्रेस यात गिऱ्हाईकाला फक्त १०० चा फरक पडत नाही. हे तुला झोपेत कळतं. डिझाईन शाळेतून आलेल्या मुलीला मी तीन वेळा समजावते. त्यामुळे तुझी पहिली नोकरी डिझायनर म्हणून नाही मिळाली तर मर्चंडायझर म्हणून बघ, म्हणजे बायर आणि फॅक्टरी यांच्या मधला माणूस, कापड, तारखा, कॉस्टिंग सगळं त्याच्या डोक्यावर. तिथे दोन वर्षं काढलीस तर कपडा कसा जन्माला येतो ते आतून कळेल. पगार सुरुवातीला काही फार नसतो, माझ्या ओळखीतल्या मुली १२ ते १८ हजारांवर लागल्यात, कदाचित सीएकडे तुला आत्ता तेवढाच मिळत असेल, म्हणून म्हणते नोकरी सोडून शिकू नकोस, नोकरी ठेवून शिक.

पोर्टफोलिओ हा शेवटचा मुद्दा, त्यावर जरा जास्त बोलते कारण तिथे सगळे सारखंच करतात. पाच गाऊन, पाच लांब मानेच्या मुली, पिंटरेस्टवरून उचललेला मूडबोर्ड, "इन्स्पायर्ड बाय ओशन". कराडात कुठला गं ओशन. तुझ्या आजूबाजूला बघ. शेतात काम करणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना फुल शर्ट घालतात, बघितलंयस ना? ऊसतोडीला तर सगळ्याच, उसाचं पातं कापतं हाताला, ऊन, उसाची टोचणारी कूस, घाम. हा शर्ट त्यांच्यासाठी कुणीच डिझाईन केलेला नाही, खांदा मोठा, छातीला आवळ, बटणं पुरुषाच्या बाजूची, कंबरेला पदर खोचलेला असतो त्यावर तो गोळा होतो, मोबाईल ठेवायला खिसा छातीवर, वाकलं की पडतो. यावर काम कर. पाच बायकांशी बोल, त्यांचे शर्ट मोज, कुठे फाटतात ते बघ, बगलेत का कोपरावर. कापड कुठलं, पॉलिस्टर कॉटन मिक्स टिकतं पण घाम शोषत नाही, इचलकरंजीत काय मिळतं ते बघून ये. मांजरपाटात पहिला नमुना, एका बाईला खरंच एक दिवस घालायला दे, संध्याकाळी विचार. ती शिव्या देईल, त्या लिहून घे. दुसरा नमुना कर. टेक पॅक, कॉस्टिंग, ३०० च्या आत बसतोय का बघ, कारण फुकटच्या जुन्या शर्टाशी तुझी स्पर्धा आहे, आणि ती जिंकणं सोपं नाही, कदाचित हरशील, हरलीस तर का हरलीस ते पण पोर्टफोलिओत टाक. असे दोन प्रोजेक्ट घेऊन तू माझ्यासमोर बसलीस तर मी गाऊनवाल्या पाच फायली बाजूला ठेवीन, आणि मी काही एकटी नाही असं बघणारी.

राहिलं मशीन. आजीचं पायाचं आहे तर नवीन अजिबात घेऊ नकोस, निदान वर्षभर. काळं जुनं सरळ टाक्याचं मशीन फार इमानदार असतं, आणि पायाने चालवलं की वेग आपल्या ताब्यात राहतो, नवशिक्याला इलेक्ट्रिक मशीन पळवून नेतं. पट्टा सैल झाला असेल तो बदल, चामड्याचा मिळतो, सांधायची तार दुकानदारच लावून देईल. सगळीकडे मशीनचं तेल घाल, खोबरेल नाही गं, मशीनचं, आणि रात्रभर खाली फडकं ठेव. बॉबिन केस काढून त्यात अडकलेला वीस वर्षांचा कापूस टाचणीने काढ. सुई बदल, जुनी गंजलेली असणार, पण काढायच्या आधी तिची सपाट बाजू कुठे आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेव, उलटी बसली तर टाका पडतच नाही आणि माणूस दिवसभर मशीनला शिव्या घालतो. मांजरपाटाला १४ नंबर, मलमल-जॉर्जेटला ११, जीन्सला १६. पहिले चार दिवस दोरा न ओवता नुसत्या वहीच्या रेघी कागदावर चालव, रेघेवर भोकं सरळ पडायला लागली की दोरा ओव. आणि पहिला ब्लाऊज झाला की फोटो पाठव, पण उलटा करून, आतल्या बाजूचा.